वास गेला, पण टाकी गंजू लागली: कॅम्परच्या गीझरचं एक प्रकरण

जुना विकत घेतलेला, गाडीमागे ओढायचा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर. नवरा-बायको दोघं त्यात हंगामभर फिरतात. त्यांची तक्रार साधी होती: सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की आधी तपकिरी पाणी येतं, मग हळूहळू निवळतं. थंड पाण्याचा नळ मात्र स्वच्छ. त्यांना वाटत होतं की नळ्या गंजल्यात. सगळी पाइपलाइन उचकटावी लागणार, या धास्तीने त्यांनी मला बोलावलं.

नळ्यांवरचा संशय लगेच फिटला. या कॅम्परमधल्या नळ्या पेक्स प्लास्टिकच्या, जोड पितळेचे. यातलं काहीच असं गंजणारं नाही. पाण्याच्या वाटेत लोखंड असण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे गीझरची टाकी. तरी खात्री करायला रात्रभर न वापरलेलं पाणी दोन पांढऱ्या बादल्यांत वेगवेगळं घेतलं, एकीत थंड आणि दुसरीत गरम. थंडाची बादली नितळ राहिली. गरमाच्या बादलीच्या तळाशी तासाभरात तांबूस गाळ बसला आणि त्यात बोटांना खरखरीत लागणारे पापुद्रे होते. पुरवठ्याचं पाणीच लोहयुक्त असतं तर दोन्ही बादल्या रंगल्या असत्या. या चाचणीला काही खर्च नाही, आणि निम्मी चुकीची निदानं ती इथेच थांबवते.

आता टाकी उघडायची. याचा क्रम सोडून चालत नाही, म्हणून तो इथे लिहितो. गॅस बंद, विजेवरचा हीटर बंद, पंप बंद, बाहेरून येणारं पाणी बंद. मग टाकी पूर्ण थंड होईपर्यंत थांबायचं. त्यानंतर आतला गरम पाण्याचा नळ उघडायचा, बाहेरून प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची दांडी उचलून दाब सोडायचा, आणि मगच ड्रेन प्लगला, म्हणजे टाकी रिकामी करायच्या भोकाच्या बुचाला, पाना लावायचा. आतलं पाणी ५५ ते ६० अंश सेल्सिअसचं आणि दाबाखाली असतं. गरम टाकीचा प्लग काढणाऱ्याच्या हातावर आणि तोंडावर ते सगळं येतं.

प्लग बाहेर आला तो पांढऱ्या प्लास्टिकचा, तोकडा आणि स्वच्छ. आत लांब दांडा वगैरे काही नाही. प्रकरणाची किल्ली इथे होती. मात्र हा प्लग चुकीचा आहे असं लगेच म्हणता येत नव्हतं. एका प्रकारच्या टाकीत अगदी असाच प्लास्टिकचा प्लग बरोबर असतो.

टाकी कोणत्या धातूची?

कॅम्परच्या गीझरमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या टाक्या भेटतात. पहिली पोलादी, आतून काचेसारख्या एनॅमलचा मुलामा दिलेली. सबर्बन या नावाने येणारे गीझर या प्रकारचे. यांच्या ड्रेनच्या भोकात, पाऊण इंची आट्यांवर, मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारा दांडा, बसतो आणि त्याचं डोकंच ड्रेन प्लगचं काम करतं. दुसरी टाकी ॲल्युमिनियमची. ॲटवुडचे गीझर या प्रकारचे. ही कंपनी २०१४ मध्ये डोमेटिकने घेतली, त्यामुळे पाटीवर दोन्हींपैकी कोणतंही नाव सापडतं. या टाकीत आतल्या बाजूला थोडं जस्त मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा थर मूळ पत्र्याशी एकजीव केलेला असतो. हा थर आधी झिजतो आणि मागचा पत्रा वाचवतो, म्हणजे ॲनोडचं काम टाकीच्या भिंतीतच होऊन जातं. म्हणून तिथे अर्ध्या इंची आट्यांचा नायलॉनचा प्लग असतो आणि तोच योग्य. काही जण टिकाऊ म्हणून तिथे पितळेचा प्लग किंवा पितळेची तोटी बसवतात. त्या जागी पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना लागतात, ॲल्युमिनियमचे आटे पांढरे पडून खाल्ले जातात, आणि पुढे प्लग काढताना आटेच हातात येतात. याखेरीज स्टेनलेस स्टीलच्या टाक्याही असतात. त्यांचं दुखणं वेगळं असतं, मुख्यतः क्लोराइडमुळे पडणारी बारीक छिद्रं. इथे त्यांचा संबंध नाही.

आमच्या टाकीवरची पाटी उन्हाने पुसून गेली होती. मग चुंबक घेतला. इथे एक काळजी घ्यायची: चुंबक बाहेरच्या झाकणाला किंवा पत्र्याच्या कवचाला लावून काही कळत नाही, कारण कवच कोणत्याही टाकीवर लोखंडी असू शकतं. ड्रेनच्या भोकाभोवतीच्या, आटे पाडलेल्या जाड कड्याला लावायचा. तिथे तो घट्ट चिकटला. आटे पाऊण इंची. म्हणजे टाकी पोलादी होती, रॉडविना होती, आणि बराच काळ तशीच वापरात होती.

एनॅमल असताना रॉड कशाला?

मालकांचा पहिला प्रश्न हाच होता आणि तो रास्त आहे. आतून काच आहे, तर पाणी लोखंडापर्यंत पोचतंच कसं?

एनॅमल ८०० अंशांच्या पुढे भट्टीत भाजून पोलादावर बसवतात. तरीही तो थर कधीच पूर्ण अखंड नसतो. वेल्डच्या जोडावर, आट्यांच्या कडेला, हीटरच्या कॉइलच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढ्या उघड्या जागा राहतात. त्यात कॅम्पर म्हणजे चालतं घर. खड्ड्यांतून जाताना टाकी हादरते, रोज तापते आणि निवते, आणि काचेला केसासारखे तडे जातात. तेवढ्याशा उघड्या लोखंडाच्या शेजारी, त्याच पाण्यात, कॉइलचं तांब्याचं किंवा निकेलयुक्त आवरण आणि पितळेचे जोड असतात. पाण्यातून आणि धातूतून मिळून विजेचं एक मंडल तयार होतं आणि त्यात लोखंड झिजणारी बाजू बनतं. झीज टाकीभर पसरत नाही, त्या सुईएवढ्या ठिपक्यांवर एकवटते. म्हणून अशी टाकी सगळीकडून पातळ होत नाही. एका जागी खोल खड्डा पडतो आणि एके दिवशी तिथून गळायला लागते.

या मंडलात लोखंडापेक्षा जास्त तयारीने झिजणारा धातू ठेवला की झीज त्याच्याकडे वळते. प्रमाण विभवांचे आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होतं: लोखंड उणे ०.४४ व्होल्ट, जस्त उणे ०.७६, ॲल्युमिनियम उणे १.६६, मॅग्नेशियम उणे २.३७. आकडा जितका खाली, तितका धातू आपले इलेक्ट्रॉन सोडायला उत्सुक. मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन देत राहतं, ते पोलादातून उघड्या ठिपक्यांपर्यंत पोचतात, आणि लोखंड लोखंडच राहतं. ॲल्युमिनियम कागदावर जोरदार दिसतं, पण स्वतःवर ऑक्साइडचा पापुद्रा चढवून गप्प बसतं. म्हणून रॉडसाठी त्यात जस्तासारखे धातू मिसळतात.

ही कल्पना दोनशे वर्षांची आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्यावर लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं खरोखरच झिजायचं थांबलं. पण झिजणाऱ्या तांब्यातून जे विष समुद्राच्या पाण्यात उतरत होतं, तेही थांबलं. जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू लागलं, वेग मंदावला, आणि ते तुकडे काढून टाकायची पाळी आली. संरक्षण चोख होतं, पण त्याचा एक उपद्रव होता आणि त्या उपद्रवापायी संरक्षणच गेलं. आमच्या टाकीचा इतिहास कळल्यावर मला पहिली आठवण झाली ती या गोष्टीची.

रॉड कोणी काढला आणि का

हा प्लग निष्काळजीपणाने बसलेला असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मालकीणबाईंनी आधीच्या मालकांना फोन लावून विचारलं, आणि उत्तर अनपेक्षित आलं. त्यांनी रॉड विचारपूर्वक काढला होता. त्यांच्या गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येत असे. खूप उपाय झाले, मग शेजारच्या कॅम्परवाल्याने सांगितलं की रॉड काढा, माझ्या गीझरला तर रॉड नाहीच, साधा प्लास्टिकचा प्लग आहे आणि वासही नाही. त्यांनी तसं केलं आणि वास खरंच गेला.

सल्ला देणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्याची टाकी ॲल्युमिनियमची असणार. आणि वासाचं रॉडशी नातं आहे, हेही खरं. पाण्यात सल्फेट असतं आणि सल्फेटवर जगणारे, हवा नसलेल्या जागी वाढणारे जिवाणू असतात. ते सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात, त्याचाच तो वास. मॅग्नेशियम पाण्याशी अभिक्रिया करताना हायड्रोजन सोडतं आणि या जिवाणूंना तो खाद्य म्हणून चालतो. त्यामुळे कोमट, साचलेल्या, विहिरीच्या पाण्यात मॅग्नेशियमचा रॉड असला की वास बळावतो. रॉड काढला की खाद्य कमी होतं, वास जातो, आणि त्या दिवसापासून लोखंड झिजायला मोकळं होतं. वास लगेच जाणवतो. गंज जाणवायला दोन-तीन हंगाम लागतात, तोवर कॅम्पर दुसऱ्याच्या दारात गेलेला असतो. म्हणून हा उपाय इतका पसरलाय, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

टाकी वाचवण्याजोगी आहे का?

नवा रॉड आणण्याआधी हे ठरवणं भाग होतं. रॉड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही.

ड्रेनच्या भोकातून बारीक नळीचा कॅमेरा आत सोडला. बहुतेक भिंती निळसर-करड्या, एनॅमल शाबूत. मागच्या वेल्डच्या जोडावर गंजाच्या गाठींची एक रांग आणि कॉइलच्या तोंडाभोवती तांबूस कडं. तळाला गाळ. गाठ दिसली म्हणजे खाली खड्डा आहेच, पण तो किती खोल ते कॅमेऱ्याला दिसत नाही. गाठ खरवडून बघायचा मोह होतो. मी तो टाळला, कारण गाठीखाली पत्रा किती उरलाय ते माहीत नसताना खरवडणं म्हणजे आपणच भोक पाडणं.

त्याऐवजी दाबाची परीक्षा घेतली. टाकी गार पाण्याने काठोकाठ भरली, नेहमीच्या दाबावर, म्हणजे सुमारे ३ बारवर आणली, पुरवठा बंद केला आणि दाबमापकाकडे लक्ष ठेवून बसलो. काटा हलला नाही. टाकीखालचा फोम आणि पत्रा हाताने चाचपला, कोरडा होता. एवढ्यावरून टाकी आज गळत नाही इतकंच म्हणता येतं, आणि मालकांना मी तेवढंच सांगितलं. वेल्डजवळचा खड्डा आरपार गेला तर ही टाकी वेल्डिंग करून दुरुस्त होत नाही, कारण वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूचं एनॅमल उडतं आणि गंजायला नवी जागा तयार होते. तेव्हा टाकी बदलायची. पण आज ती फेकण्याचं काही कारण नव्हतं.

मग धुणं. ड्रेनच्या भोकातून जाणारी, टोकाला वाकवलेली नळी घालून जोरात पाणी मारलं. गाळ, चुन्याचे पापुद्रे आणि गंजाचा चुरा बराच वेळ निघत राहिला. व्हिनेगर भरून ठेवावं का, असं मालकांनी विचारलं. क्षार विरघळवायला व्हिनेगर चांगलं असतं, पण ते टाकीत रॉड नसताना आणि एनॅमल धड असताना. इथे उघडं लोखंड होतं. आम्ल आधी त्याच जागेला खाईल, म्हणून नको म्हटलं. हायड्रोक्लोरिक आम्लाचा तर विचारही करू नये.

कोणता रॉड?

चार पर्याय टेबलावर होते.

जस्ताचा रॉड पहिल्याच फेरीत बाद झाला. साधारण ६० अंशांच्या वर काही पाण्यांत जस्तावर असा थर चढतो की त्याची आणि लोखंडाची बाजूच उलटते, आणि लोखंड जस्ताला वाचवायला लागतं. गरम पाण्याच्या टाकीत ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

विजेवर चालणारा ॲनोड, म्हणजे टायटॅनियमची छोटी दांडी आणि तिला सतत मिळणारा अगदी थोडा विद्युतप्रवाह, हा मला मनापासून आवडणारा पर्याय आहे. तो झिजत नाही, आणि मॅग्नेशियमच नसल्यामुळे वासही बराच कमी होतो. कॅम्परमध्ये बारमाही राहणाऱ्यांनी तो जरूर बघावा. पण हे जोडपं कॅम्पर उभा करताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करतं. वीज गेली की संरक्षण गेलं. टाकीत पाणी असेल, ॲनोड बसवलेला दिसेल, आणि लोखंड मात्र एकटं.

उरले मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम-जस्ताचा मिश्र रॉड. मिश्र रॉडने वास कमी येतो, पण त्याचा विद्युत दाबही कमी. पाण्यात क्षार भरपूर असतील तर तेवढ्यावर भागतं. मृदू, कमी क्षारांच्या पाण्यात प्रवाह पुरेसा वाहत नाही. हे लोक जागोजागचं पाणी घेतात, आज विहिरीचं तर उद्या पावसाचं साठवलेलं. आणि टाकीत आधीच उघड्या जखमा आहेत. एनॅमल अखंड असतं तर मी मिश्र रॉड सुचवला असता. इथे जोर हवा होता, म्हणून मॅग्नेशियम. वासाचा बंदोबस्त वेगळ्या वाटेने करायचा, हे तेव्हाच ठरवलं.

बसवणं सोपं आहे. आटे ब्रशने साफ केले, रॉडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन वेढे घड्याळाच्या दिशेने, सुरुवात हाताने करून आटे नीट लागल्याची खात्री, मग २७ मिलिमीटरच्या सहाकोनी सॉकेटने आवळला. बारा कोनांचं सॉकेट रॉडचं डोकं गोल करून टाकतं. शेवटी मल्टिमीटर लावला. रॉड आणि टाकी यांच्यात धातूचा थेट संपर्क असला तरच हे मंडल पुरं होतं. टेपची जाड गुंडाळी किंवा मध्ये टाकलेला प्लास्टिकचा जोड तो तोडू शकतो. एक टोक रॉडच्या डोक्याला, दुसरं टाकीच्या उघड्या धातूला लावलं, रोध एक ओहमच्या आत आला. ही तपासणी फारसं कोणी करत नाही. हंगामाच्या शेवटी रॉड नव्यासारखा बाहेर आला की लोक खूश होतात, पण न झिजलेला रॉड ही चांगली बातमी नाही. एक तर संपर्क तुटलाय, नाही तर रॉडवर क्षारांचं कवच बसलंय, नाही तर पाण्यातून वीजच वाहत नाही. तिन्ही वेळी लोखंडाला कोणी राखणदार उरलेला नसतो.

पुढे काय झालं

पाण्याचा रंग काही दिवसांतच फिका होत गेला आणि मग गेला. आणि अपेक्षेप्रमाणे, कॅम्पर थोडा काळ उभा राहिल्यावर वास परतला.

आधी वास कुठून येतोय ते पाहिलं. थंड आणि गरम दोन्ही नळांना असेल तर दोष स्रोताच्या पाण्यात. इथे तो फक्त गरमाला होता, म्हणजे वस्ती टाकीतली. उपाय क्लोरीनचा. सुगंध नसलेलं साधं ब्लीच, साधारण ५ टक्क्यांचं, ५७ लिटर पाण्याला ६० मिलिलिटर, म्हणजे दर लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन. हे पाणी पंपाने ओढून प्रत्येक गरम नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत धुतलं. दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. गीझरचा बायपास, म्हणजे पाणी टाकीला वळसा घालून नेणारी वाट, चालू राहिला तर क्लोरीन टाकीत शिरतच नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. आणि टाकीत व्हिनेगर असताना ब्लीच कधीही घालायचं नाही, दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्यानंतर गीझर काही तास पूर्ण तापमानावर चालवला, कारण हे जिवाणू कोमट पाण्यात माजतात आणि उष्णतेने मरतात.

वास गेला. तो पुन्हा येईल हेही मालकांना सांगून ठेवलं, आणि आला की हेच पुन्हा करायचं. मालकीणबाई म्हणाल्या, "वर्षातून दोनदा ब्लीच चालेल हो, गंजलेल्या पाण्याने भांडी घासण्यापेक्षा." हा सौदा त्यांनी समजून केला, याचा मला फार आनंद झाला.

हंगामाच्या मध्यावर रॉड काढून पाहिला आणि तिथे एक नवीन कोडं उभं राहिलं. अर्ध्याहून जास्त मॅग्नेशियम गेलेलं, टोकाला आतली पोलादी तार उघडी. एवढ्या लवकर? विचारत गेलो तेव्हा कळलं की मालकांनी क्षार कमी व्हावेत म्हणून पाणी मृदू करणारं छोटं यंत्र जोडलंय. असं यंत्र कॅल्शियम काढून सोडियम घालतं. चुना बसायचा थांबतो, पण पाणी वीजवाहक राहतंच, आणि उघड्या लोखंडावर चुन्याचा जो पातळ थर बसून थोडा आडोसा झाला असता, तो आता बसत नाही. सगळा भार रॉडवर येतो.

रॉड किती टिकेल याचा हिशेब मालकांना कागदावर करून दाखवला, तो इथेही देतो. समजा रॉड २१ मिलिमीटर जाड आणि २३ सेंटिमीटर लांब आहे, तर त्यात सुमारे १४० ग्रॅम मॅग्नेशियम. एक किलो मॅग्नेशियम सिद्धांतात २२०० अँपिअर-तास देतं. प्रत्यक्षात निम्मं स्वतःच्याच झिजेत जातं, म्हणून ११०० धरू. आपल्या रॉडकडे मग १५० च्या आसपास अँपिअर-तास आहेत. टाकी ५ मिलिअँपिअर ओढत असेल तर हा साठा साडेतीन वर्षं पुरतो. २० ओढत असेल तर साडेदहा महिन्यांत रिकामा. उघडं लोखंड जितकं जास्त आणि पाणी जितकं वीजवाहक, तितका प्रवाह जास्त. म्हणून ‘रॉड दोन वर्षं टिकतो’ असलं कोणाचंही वाक्य आपल्या टाकीला लागू धरू नये. रॉड काढून पाहणं हाच मार्ग, आणि तीन चतुर्थांश झिजला की नवा.

यंत्र काढा असं मी सांगितलं नाही. कॉइलवर चुना न बसण्याचा फायदा खरा आहे. फक्त तपासणी वर्षातून एकदाऐवजी दर हंगामात दोनदा, आणि एक नवा रॉड कायम कॅम्परमध्ये. पाणी मृदू करायचं तर रॉड जास्त लागणार, हे एकाच हिशेबातले दोन आकडे आहेत.

उभ्या कॅम्परचं काय

सगळ्यात जास्त बोलणं यावर झालं. कॅम्पर उभा असताना टाकी भरलेली ठेवावी की रिकामी?

भरलेल्या टाकीत रॉड काम करत राहतो, पण जिवाणूंनाही निवांतपणा मिळतो. शिवाय हायड्रोजन साचतो. दोन आठवडे किंवा जास्त न वापरलेल्या गीझरचा गरम नळ पहिल्यांदा उघडताना त्यातून हा ज्वालाग्राही वायू सुटू शकतो. जवळ शेगडी, काडी, सिगारेट काहीही पेटतं नको. खिडक्या उघडून नळ काही मिनिटं वाहू द्यायचा, फुसफुस थांबून सलग धार आली की मगच गॅस पेटवायचा. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारीच नळ असलेल्या एवढ्याशा जागेत हे विसरून चालणार नाही, म्हणून मालकांनी त्याची चिठ्ठी गीझरच्या स्विचवरच चिकटवली.

रिकाम्या टाकीत पाणी नाही, म्हणून रॉडचं मंडलही नाही. उघड्या ठिपक्यांवर ओल आणि हवा दोन्ही असतील तर तिथे बेलगाम गंज चढतो. ड्रेनचं भोक तळाच्या जरा वर असतं, त्यामुळे प्लग काढला तरी थोडं पाणी आत उरतं. ते तसंच ठेवून प्लग लावून टाकला तर आत महिनोन्‌महिने दमट हवा कोंडून राहते. लोखंडासाठी याहून वाईट अवस्था नाही.

आम्ही असं ठरवलं: थोड्या दिवसांचा खंड असेल तर टाकी भरलेली, आणि परतल्यावर ते पाणी ओतून ताजं भरायचं. लांबचा खंड असेल किंवा पाणी गोठण्याची थंडी येणार असेल तर टाकी पूर्ण उपसायची, उरलेलं पाणी हवेने उडवायचं, आत सुकू द्यायचं, आणि भोकावर किडे शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावून ते उघडंच ठेवायचं. रॉड काढून धुऊन कोरडा ठेवायचा. आणि टाकी रिकामी असेपर्यंत विजेच्या हीटरच्या स्विचवर पट्टी. कोरड्या टाकीत तो चालू झाला तर कॉइल बघता बघता जळते.

हंगाम संपताना टाकी पुन्हा उघडली. हंगामाच्या मध्यावर बसवलेला दुसरा रॉड एकसारखा झिजलेला, खडबडीत, निम्मा शिल्लक. कॅमेऱ्यात वेल्डजवळच्या गाठी होत्या तशाच दिसल्या, नवीन एकही नाही, आणि त्यांचा रंग तांबूस न राहता काळपट झालेला. ताजा गंज तांबडा असतो, म्हणून हा बदल मी जमेच्या बाजूला धरतो. कॉइलच्या तोंडाचं तांबूस कडं वाढलेलं नाही. दाबाची परीक्षा पुन्हा घेतली, काटा जागेवर. वेल्डखालचा खड्डा किती खोल आहे ते टाकी कापल्याशिवाय दिसणार नाही, म्हणून पुढच्या हंगामाआधी दाबाची परीक्षा पुन्हा होईल. काढलेला प्लास्टिकचा प्लग मालकांनी फेकून दिलाय, आणि रॉड बदलल्याची तारीख ते आता गीझरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतात.